बाविसावं बूच

१२ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाल, मेहुण्याला आज कुठून आठवण झाली. फोन केला की ताई उचलते आणि तुमची खबर म्हणून "बरे आहेत, जेवलेत, पडलेत" एवढंच मिळतं. शिवाय मला जे विचारायचंय ते तिच्या कानावर जायला नको. हे पत्र तिला दाखवू नका.

वर्कशॉपने आमच्या खात्याला कुलूप लावलं. दोन महिने घरी बसून आहे. भांडी कुठे ठेवायची यावर मी मतं द्यायला लागलोय, त्यामुळे बायकोच्या नाकी नऊ आलेत. मागची सायकलींची शेड रिकामी आहे. तिथे सँडब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या जोरावर दाणे मारून गंज काढायची, एक छोटी कॅबिनेट टाकावी म्हणतो. जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं गंजलेले पार्ट पोटाशी धरून फिरत असतात, त्यांना परवडेल असं कुणी करून देत नाही. पेटीत पार्ट ठेवून, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून दाणे मारायचं काम मी तुमच्या हाताखाली नऊ वर्षं केलं. पण पेटी स्वतः कधी बांधली नाही. तयार मिळते ती घेऊ, की बांधू? बांधायची तर प्लायवूडची की पत्र्याची? कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे तो छोटा, दम लागल्यासारखा चालतो.

खरं सांगू का, तुम्हाला हे विचारायला जीभ उचलत नव्हती. मिनीबसच्या त्या प्रकरणाला एकोणीस वर्षं झाली. उतारावर ब्रेक लागला नाही, ड्रायव्हर गेला, आणि ब्रेकचे पार्ट साफ करून दिल्याच्या वहीत सही तुमची होती. सोळा महिने तुम्ही तुरुंगात काढलेत. तेव्हापासून आपण दोघं हवापाण्यावर बोलतो, पोरीच्या शिक्षणावर बोलतो, या कामावर कधीच नाही. पण मला माहीत असलेल्या माणसांत हे काम तुमच्याइतकं कुणाला येत नाही. रागावणार असाल तर उत्तर देऊ नका, मी समजून जाईन.

भेटून तीन वर्षं झाली. पोरगी मागच्या महिन्यात एकोणिसाची झाली. ताईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचलं. ताईला दाखवू नका म्हणतोस. बरं.

तयार पेटी घेऊ नकोस. पत्रा पापडासारखा असतो आणि दाराच्या फटींतून धूळ येते. प्लायवूडची बांध, जाड, आतून पत्रा मार. तळाला उतरते बाजू कर, चांगला तीव्र उतार, म्हणजे दाणे आपोआप खाली गोळा होतील आणि पुन्हा गनमध्ये ओढले जातील. उतार कमी ठेवलास तर दर पाच मिनिटांनी हाताने खरवडत बसशील. काचेच्या आतून दुसरी साधी काच लाव, बदलता येईल अशी. आठवड्यात ती दुधी होते, मग दिसत काहीच नाही आणि माणूस अंदाजाने मारत राहतो. दिवा पेटीच्या बाहेर, वरच्या काचेतून उजेड आत.

हातमोज्यांची भोकं ठरावीक उंचीवर पाडू नकोस, स्वतःच्या खांद्यावरून माप. तू डावखुरा, गनची नळी डावीकडून आण. इतकी वर्षं उजव्यांच्या मशीनवर वाकडा उभा राहिलास, आता स्वतःची आहे तर सरळ उभा राहा.

कॉम्प्रेसर छोटा आहे तर नोझल बारीक ठेव आणि थांबून थांबून मार. हवेतलं पाणी काढणारी बाटली लावल्याशिवाय सुरू करू नकोस. ओले दाणे ढेकूळ होऊन नळीत बसतात.

वाळू वापरायची नाही. नदीची नाही, धुतलेली नाही, चाळलेली नाही. वाळूची धूळ छातीत जाऊन बसते ती बसते. काचेचे बारीक मणी मिळतात ते आण. तरीही तोंडाला मास्क लाव आणि धूळ ओढणारा पाइप घराबाहेर काढ. बायकोचे कपडे वाळत असतात त्या बाजूला नको.

रागवायचं काय त्यात. एकोणीस वर्षांत मला कामाचं विचारणारा तू पहिलाच. माझ्या ओळी तिरप्या जातात, समजून घे.

दाजी


३० मार्च

दाजी, नमस्कार.

पेटी उभी राहिली. बायको म्हणते, आपल्या लग्नातलं कपाटसुद्धा तू एवढ्या प्रेमाने बघितलं नाहीस. उतार तुम्ही सांगितला त्याहून थोडा जास्तच दिला. दाराला फोमची पट्टी, दोन कड्या. पेडल पायाखाली घेतलं, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

फटी कशा शोधायच्या हे तुम्ही लिहिलं नव्हतं, पण मला आठवलं तुम्ही कसं करायचात. भर दुपारी शेडला चादरी लावल्या, अंधार केला, पेटीत दिवा लावला आणि दोघं नवरा-बायको उकिडवे बसून उजेड कुठून गळतोय ते बघत राहिलो. सहा जागा सापडल्या. बायकोला चार दिसल्या, मला दोन. चष्म्याचा नंबर काढून घे म्हणाली. जिथून उजेड येतो तिथून धूळ येते, असं तुम्ही म्हणायचात ना.

गन डावीकडून घेतली. पहिला पार्ट मारला, दरवाज्याची बिजागरी. पंधरा मिनिटांत असं राखाडी, एकसारखं अंग निघालं की हात फिरवत बसावं.

बाकी तुमचं पत्र वाचताना धमाल आली. ओळी तिरप्या कसल्या, एकमेकींच्या डोक्यावर चढून बसल्यात. दोन ठिकाणी तर ओळीवर ओळ. काय घेऊन बसला होतात दाजी? ताईला कळलं तर खैर नाही. हे पत्रही लपवून ठेवा. तिला नमस्कार.

धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

काही घेतलं नव्हतं. पेन बदललंय.

दिव्याची युक्ती आठवली तुला, बरं वाटलं. आता एक गोष्ट. तू विचारली नाहीस म्हणून मागच्या पत्रात मी लिहिली नाही. दोघांनीही टाळली. तरी लिहितो.

ज्या पार्टाला भोकं आहेत त्याला मारण्याआधी प्रत्येक भोकात लाकडाचं बूच. एकही दाणा आत जाता कामा नये. बुचं लावताना मोजायची, काढल्यावर मोजायची. एक जरी कमी आलं तरी समजायचं, एक भोक मारताना उघडं होतं. मग पार्ट बाहेर द्यायचा नाही. पुन्हा सगळा धुवायचा, प्रत्येक वाट तारेने साफ करायची, हवा मारायची. तीन तास जातात. जाऊ देत.

हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. तरी घरात एकटा काम करणार आहेस, मोजायला दुसरं माणूस नाही. जमलं तर ब्रेकची कामं घेऊच नकोस. बिजागऱ्या, झाकणं, चाकांच्या रिंगा खूप आहेत जगात.

हसू येतं, मी मोजण्याचं शिकवतोय. या घरात माझ्या मोजण्यावर कुणाचा विश्वास नाही. भाजी आणली की "मोजलंत का?", सुटे पैसे ठेवले की "मोजलंत का?" गोळ्यासुद्धा ती स्वतः मोजून देते. बोलत काही नाही, डबी वाजवून समोर ठेवते. सवय झाली.

दाजी


२ जुलै

दाजी, नमस्कार.

काम वाढलंय. बिजागऱ्या, झाकणं, एका बाईंच्या शिलाई मशीनचा पाय, सगळं झालं. दातांचे एक डॉक्टर आहेत, वडिलांची जुनी गाडी पुन्हा उभी करतायत. दर रविवारी येऊन खुर्ची टाकून बसतात आणि मी पेटीत हात घातले की म्हणतात, अगदी माझ्यासारखंच काम आहे तुमचं, फक्त तुमचे पेशंट ओरडत नाहीत.

त्यांनी आता ब्रेकचा सेट आणलाय. मास्टर सिलिंडर आणि पुढच्या दोन चाकांचे कॅलिपर. तुम्ही नको म्हणाला होतात. मी त्यांना तेच सांगितलं, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. मोठं काम आहे, आणि माणूस भला आहे. अकरा भोकं, अकरा बुचं. मोजीन, दाजी. डोळ्यांत तेल घालून मोजीन.

ताईची तब्येत कशी आहे? तिच्या हातचे दोन शब्द कधी येत नाहीत. लहानपणी मी शाळेच्या सहलीला गेलो तरी ती माझ्या दप्तरात चिठ्ठी टाकायची. तिला नमस्कार सांगा, पत्राचं सांगू नका.

धाकटा


१६ जुलै

धाकट्या,

तुझी पत्रं आली की दुपार चांगली जाते. प्रत्येक पत्र दोन-तीनदा होतं. डॉक्टरांचा विनोद इथे आवडला.

घेतलंस तर घेतलंस. घाई करू नकोस, एवढंच. मी बघितलंय, चूक हाताने होत नाही, घड्याळाने होते.

ताई ठीक आहे. हल्ली दुपारी ओसरीवरच्या बाकावर येऊन बसते. पूर्वी बसायची नाही.

दाजी


९ सप्टेंबर

दाजी,

हे पत्र एकट्याने वाचा आणि वाचलं की फाडून टाका. ताईच्या दृष्टीस पडता कामा नये. माझं काही झालं तरी चालेल, पण हे तिला कळलं तर मला जगात माणूस उरणार नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला भूक लागली की मी तिला सांगायचो, दुसऱ्या कुणाला नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

शनिवारी डॉक्टरांचे ब्रेक मारले. अकरा बुचं लावली. संध्याकाळी काढून ताटलीत ठेवली, तर दहा. पुन्हा मोजली. दहा. रविवारी सकाळी डॉक्टर घ्यायला येणार होते. आणि दाजी, मी विचारसुद्धा केला नाही. माझा डावा हात चाकूकडे गेला. उजव्या हाताने फळीची कपची उचलली. अर्धं बूच तासून झाल्यावर मला कळलं मी काय करतोय. चाकू तिथेच टाकून मी शेडबाहेर जाऊन बसलो. 

हाताला ते ठाऊक होतं, कारण त्याने ते एकदा केलेलं आहे.

मिनीबसचे ब्रेक मी मारले होते. मास्टर सिलिंडर आणि चार चाकांचे छोटे सिलिंडर, एकवीस बुचं. काढली तेव्हा वीस आली. बायकोला दुपारीच दवाखान्यात नेलं होतं, निरोप आला होता की वेळ कमी आहे. मिनीबस सकाळच्या पाळीला हवी होती, मेकॅनिक पार्टासाठी माझ्या डोक्यावर उभा. पुन्हा धुवायला तीन तास. मी पॅकिंगच्या फळीची कपची घेतली, एकविसावं बूच तासलं आणि विसांत टाकून डबी तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही मोजलीत. एकवीस. सही केलीत. मी दवाखान्यात पोचलो आणि अर्ध्या तासात पोरगी झाली.

नऊ दिवसांनी ब्रेकच्या तेलात गेलेल्या दाण्यांनी रबर कापलं. ड्रायव्हरने बस भिंतीला घातली म्हणून आतली माणसं वाचली, तो गेला. चौकशीत तुमची सही निघाली आणि तुम्ही "मोजण्यात चूक झाली असेल" म्हणालात. मी तिथेच तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मी उठलो नाही. पोरगी पंधरा दिवसांची होती, हे कारण मी एकोणीस वर्षं स्वतःला देतोय. तुम्ही आत गेल्यावर तुमची जागा मला मिळाली. तुमच्या स्टुलावर मी सतरा वर्षं बसलो.

दर वर्षी पोरीच्या वाढदिवसाला मी मेणबत्त्या मोजतो आणि पुन्हा मोजतो. ताईने तुम्हाला निष्काळजी ठरवलं, तुमच्याशी बोलणं टाकलं, ते सगळं माझ्यामुळे. कॅबिनेटचं निमित्त काढून मी तुम्हाला लिहायला लागलो, ते खरं तर हेच सांगायला. हिंमत होत नव्हती.

डॉक्टरांना सांगितलं, पार्ट इतक्यात मिळणार नाही. सगळं धुतलं, तारेने साफ केलं. अकरावं बूच हातमोज्याच्या बाहीत अडकलेलं सापडलं. एवढंच करायचं होतं मला तेव्हासुद्धा.

तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. ताईला मात्र सांगू नका. हात जोडतो.

धाकटा


१७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझी ताई लिहितेय.

"ताईला दाखवू नका" असं लिहिलेलं तुझं प्रत्येक पत्र मीच वाचलंय. यांना दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, दीड वर्ष झालं. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. पुठ्ठ्याची पट्टी कागदावर धरून तिच्या कडेने लिहितात, पट्टी सरकली की ओळीवर ओळ. तू दारूचा विनोद केलास तो मीच मोठ्याने वाचला. हे हसले. मीही हसले. या घरात फार दिवसांनी कुणी हसलं.

तुझ्या पत्रांसाठी मी दुपारी त्यांच्या शेजारी बाकावर बसायला लागले. नोझल म्हणजे काय, दाणे किती बारीक, सगळं ते मला समजावून सांगायचे. मला वाटायचं, झालं ते झालं, म्हातारपणी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे. मी त्यांना माफ करत होते, धाकट्या. माझ्या मनाच्या मोठेपणाचं मला कौतुक वाटत होतं.

परवा तुझं पत्र वाचताना "वीस आली" इथे मी थांबले. हे म्हणाले, पुढे वाच. मी विचारलं, पुढे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? म्हणाले, हो, माहीत आहे.

अपघातानंतर चौकशीची माणसं यायच्या आधी यांनी मशीनचा तळ उपसला होता. त्यात दाण्यांनी चावलेलं एक बूच सापडलं. बाविसावं. मग यांनी डबीतली एकवीस पुन्हा काढून बघितली. वीस राखाडी आणि एक पांढरं, कोवळ्या लाकडाचं, आणि त्याचा काप डाव्या हाताचा. हे सगळं यांनी ओळखलं आणि बाविसावं बूच खिशात घातलं. मी म्हटलं, का? तर म्हणाले, तो तुझा भाऊ नव्हता, तुझं पहिलं पोर होतं. त्याला आत टाकलं असतं तर तू जगली नसतीस. माझ्यावर तू चिडशील, पण जगशील.

सोळा महिन्यांनी हे घरी आले तेव्हा दारात उभं राहून मी पहिला शब्द काय बोलले ठाऊक आहे? "एकवीसपर्यंत मोजता येत नव्हतं का?" पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं, रोज, येता-जाता, मोजलंत का, मोजलंत का. आणि हा माणूस हो म्हणत राहिला. दोघांनी मिळून माझ्या हातून हे करून घेतलंत. यांनी प्रेमापोटी केलं असेल. तुझ्या पोटात काय होतं ते तू बघ.

मी तुला कडेवर घेऊन शाळेत गेलेय. मला दुसरं मूल नाही, तुलाच मी आपलं म्हटलं. आज तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. येऊ नकोस. मी मेले तर तेव्हा ये.

कोर्टात जायचं म्हणशील तर हे आडवे येतात, मी त्यात पडत नाही. पण त्या ड्रायव्हरची बायको अजून त्याच घरात राहते. तिच्याकडे जा आणि तिला तोंडाने सांग. ते झाल्याशिवाय इथे पत्र टाकू नकोस. झालं की यांना लिहीत जा. पेटीचं लिही, पार्टांचं लिही, डॉक्टरांचं लिही. यांच्या दिवसात तेवढंच आहे. मी वाचून दाखवीन, एक शब्द गाळणार नाही. फक्त माझ्या नावाने नमस्कार लिहू नकोस. तो मला वाचावा लागतो.

ताई


४ ऑक्टोबर

धाकट्या,

हे पान तुझ्या ताईने वाचलंय. तिला सांगितलं, मी ठीक आहे, तुलाही कळवतो. मी ठीक आहे. तू काम बंद करू नकोस. थंडीत हवेत पाणी कमी असतं, दाणे चांगले चालतील. आतली काच बदल.

काल तिने गोळ्यांची डबी आणली. वाजवली नाही. दोन गोळ्या माझ्या तळव्यावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटून तिच्या हातात धरून बसली. किती वेळ ते सांगता येत नाही, मला घड्याळ दिसत नाही. एकोणीस वर्षांनी तिचा हात हातात आला. खडबडीत झालाय.

पान दुसरं.

ती पाणी भरायला गेलीय. हे पान तिला माहीत नाही. विचारलंन तर सांगेन, नोझलचं आहे. पाकीट मीच चिकटवतोय.

तिने तुला जे लिहिलं ते मी तिला सांगितलं तेवढंच. पण मी तिला सगळं सांगितलेलं नाही.

तळ उपसताना बाविसावं बूच सापडलं हे खरं. पण मला ते तेव्हा कळलं असं नाही. मला आधीच कळलं होतं. तू डबी समोर ठेवलीस तेव्हाच. वीस राखाडी आणि एक पांढरं, धूळसुद्धा न लागलेलं. आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि तेव्हा मला दिसत होतं. तुझी बायको दवाखान्यात आहे हे मला माहीत होतं, मेकॅनिक दारात उभा होता. मी म्हटलं, एका भोकाने काय होतंय, रबर टिकेल. आणि सही केली. मोजण्यात चूक झाली नाही. मी बघून सही केली.

तुला थांबवणं माझं काम होतं. त्यासाठीच माझी सही लागायची. तू घाबरलेला बाप होतास, मी खात्याचा प्रमुख होतो. तू समजतोस मी तुझी शिक्षा भोगली. मी माझीच भोगली, आणि ती कमीच होती. तिचे टोमणेही मी त्याच हिशेबात घेतले. म्हणून उलटून बोललो नाही.

आता ती मला देवमाणूस समजतेय. रोज माझ्याजवळ बसते, रडते, माझे पाय चेपते. मला ते घ्यावंसं वाटतं, धाकट्या. लाज वाटते आणि तरी घ्यावंसं वाटतं. माझ्या तोंडून हे तिच्यासमोर निघत नाही.

तूच ठरव. तुझ्या पुढच्या पत्रात लिहिलंस तर ती मोठ्याने वाचेल आणि मी ऐकेन. पळून जाणार नाही. नाही लिहिलंस तर तेही ऐकेन. माझे दिवस थोडे राहिलेत, एवढं मात्र लक्षात ठेव. ती आली. बादली ठेवल्याचा आवाज आला.

दाजी


२१ डिसेंबर

दाजी, नमस्कार.

उशीर झाला, कारण आधी जायचं होतं तिथे जायला मला दोन महिने लागले. चार वेळा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्या वेळी बायको बरोबर आली आणि कोपऱ्यावर उभी राहिली, मागे फिरता येऊ नये म्हणून.

ड्रायव्हरच्या बायकोने दार उघडलं. आता केस पांढरे झालेत. शिलाईचं काम करते, मांडीवर कुणाची तरी शाळेची चड्डी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बूच, चाकू, फळी, सगळं. ती सुई टोचून ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, तुमचे दाजी तुरुंगातून सुटल्यावर आठ दिवसांत आले होते, माझ्या पायावर डोकं ठेवून गेले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांच्या घरात कुणी रडायला उरू नये असंही बोलले. म्हणजे ते सगळं मी चुकीच्या माणसाला बोलले का? मी हो म्हटलं. तिने मला काहीच शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, आता पुन्हा तेवढा राग आणायला अंगात ताकद नाही, तुम्ही जा. दार हळू लावून घेतलं.

घरी येऊन पोरीलाही सांगितलं. ती त्या दिवशी जन्मली, तिला हक्क होता. ती मावशीकडे राहायला गेलीय. परीक्षा झाली की येईन म्हणते. बघू.

पेटी चालू आहे. आतली काच बदलली. थंडीत दाणे खरंच चांगले चालतात. डॉक्टरांचे ब्रेक पुन्हा धुऊन, उजेडात तपासून, पंधरा दिवस शेडमध्ये ठेवून मग दिले. त्यांना कारण सांगितलं. ते खुर्ची घेऊन आता येत नाहीत, पण पार्ट पाठवतात. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, वाचायला सोपं जावं म्हणून.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र मिळालं. गोळ्यांचं वाचलं. दोनदा, तीनदा वाचलं. दुसरं पान मात्र पूर्ण कोरं आलं, दाजी. पेनातली शाई संपली असणार, तुम्हाला कळलं नसेल. नुसता कोरा कागद. नोझलचंच काही असेल, तर पुन्हा लिहायची तसदी घेऊ नका. माझं काही अडलेलं नाही. तुम्ही बाकावर बसत जा, ऊन घेत जा.

कालच्या पार्टाची बुचं काढून ठेवली आहेत. नऊ गेली, नऊ आली. मोजून बघितलीत.

धाकटा